देवगाव फाट्याचा पाव्हणा

मामा माणसाच्या तोंडाकडे बघत नसत. आपण समोर बसलो की त्यांची नजर थेट आपल्या कोपराच्या खोबणीत जायची. बाही वर सारायची, रबरी पट्टा आवळायचा, दोन बोटांनी शीर चाचपायची, आणि शीर हाताला लागली की त्यांच्या लेखी ओळख पूर्ण झाली. नाक, डोळे, मिशा हा पसारा माणसाला कशासाठी दिलेला असतो, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नसावं. आठवडी बाजारात समोरून सख्खा शेजारी हात जोडत आला तरी हे कोऱ्या चेहऱ्यानं बघत उभे. आणि मिरच्यांच्या ढिगात कुणाचा उघडा हात दिसला की दहा पावलांवरून ओरडायचे, "ओ, तुमची तारीख टळून गेली की! कवा येणार?" मिरच्या घेणारा दचकायचा आणि आजूबाजूचे लोक कसली तारीख म्हणून बघायला लागायचे.

सारं सोनपेठ त्यांना मामाच म्हणायचं. बसस्टँडमागच्या गल्लीत त्यांची रक्त तपासायची लॅब होती. लॅब म्हणजे एक खोली. तिच्या भिंतीला लागून पिठाची गिरणी. गिरणी सुरू झाली की मशीनचे आकडे थरथरतात, असा मामांचा दावा होता. त्यामुळं नमुना मशीनमध्ये घातला की ते स्टूल उचलून भिंतीवर तीनदा आपटायचे आणि ओरडायचे, "रक्त चालू हाय! बंद करा!" गिरणीवाला पट्टा काढायचा. दळणाचे डबे घेऊन बसलेल्या बाया मामांच्या नावानं बोटं मोडायच्या. एकदा गिरणीवाला वैतागून दारात आला आणि म्हणाला, "मामा, लोकायनी भाकरच न्हाई खाल्ली तर रक्त कुठून येईल तुमच्याकडं?" मामांनी त्यावर बराच विचार केला आणि दुसऱ्या दिवसापासून स्टूल तीनऐवजी दोनदाच आपटायला सुरुवात केली.

पांढरा कोट ते लॅबमध्ये कधी घालत नसत. तिथं अर्ध्या बाह्यांचा चुरगळलेला शर्ट. कोट घालायचे तो बाजाराला जाताना, कारण त्याचे खिसे मोठे. एका खिशात लिंबं, दुसऱ्यात कोथिंबिरीची जुडी, आणि परगावचे लोक डॉक्टर समजून त्यांना वाट करून द्यायचे. वर्षातून एकच सुट्टी घ्यायचे, बुद्धपौर्णिमेला.

पण ठरलेली सुट्टी एकच असली तरी लॅब महिन्यातून चार-पाच दिवस बंदच असायची. त्याचं असं होतं की रोज सकाळी ते मशीनची परीक्षा घ्यायचे. ज्याचा आकडा आधीच ठाऊक आहे अशा पाण्याची एक बाटली कंपनीकडून येते. ते पाणी मशीनला पाजायचं आणि बरोबर उत्तर येतंय का बघायचं. आलं तर धंदा सुरू. नाही आलं तर पुन्हा एकदा. तरी नाही आलं तर दाराला पाटी लागायची: 'आज मशीन खोटं बोलायलंय. उद्या या.' लोक उपाशीपोटी, पहाटेची एस्टी धरून आलेले असायचे. ते चिडायचे, हातापाया पडायचे, थोडं इकडंतिकडं झालं तर चालतंय म्हणायचे. मामा म्हणायचे, "तुमाला चालतंय, किडनीला न्हाई चालत." मग लोक चौकातल्या नव्या, चकचकीत सेंटरला जायचे. तिथलं मशीन कधीच खोटं बोलत नव्हतं. निदान तशी पाटी कुणी लावत नव्हतं.

दुसरं म्हणजे 'नॉर्मल' या शब्दावर त्यांचा राग होता. रिपोर्ट हातात पडला की माणूस पहिला प्रश्न विचारतो, नॉर्मल हाय ना? मामा उलट विचारायचे, "कुणाच्या मानानं?" आता याला काय उत्तर देणार? मग ते सुनवायचे, "येकटा आकडा मुका असतो. मागचा आना, म्हंजे बोलंल." लोक मागचे रिपोर्ट कशाला जपून ठेवतील? म्हणून मामांनी स्वतःच प्रत्येकाचं एक कार्ड केलं होतं. ही कार्डं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत, गावागावांप्रमाणं. कार्डावर नाव, वय, आकडा, आणि खाली त्यांना खरी महत्त्वाची वाटणारी माहिती, म्हणजे हाताचं वर्णन.

आदल्या दिवशी काय जेवलात, हेही ते विचारायचे. एकदा शेजारच्या खेड्यातून कंदुरीचं जेवण करून आलेला एक गडी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचा आकडा, तपासायला आला. नवस फेडायचा म्हणून बोकड कापलेलं, आणि यानं रात्री तीन ताटं मटण हाणलेलं. मामांनी सुई परत ठेवली. "आत्ता तुमचं रक्त काढलं तर निम्मं बोकडाचंच निघंल. परवा या, वरणभात खाऊन." तो गडी म्हणाला, परवा पाव्हण्याकडं पुन्हा कंदुरी हाय. मामांनी कॅलेंडर काढलं आणि दोन कंदुऱ्यांच्या मधला दिवस त्याला मुक्रर करून दिला.

आता माझ्याबद्दल. मला दोन वयं आहेत. मी राणीसावरगावच्या बाजूचा. मोठ्या दुष्काळात मी आईबरोबर खडी फोडायच्या कामावर टोपली उचलत होतो, हे आईनं मला हजारदा सांगितलं आहे. शाळेत गेलो तो त्यानंतर, अकराव्या वर्षी. गुरुजींनी पोराचं वय विचारलं, बापानं आभाळाकडं बघितलं, आणि गुरुजींनी 'सहा पूर्ण, एक जून' असं लिहून टाकलं. आमच्या पिढीत हे घरोघर झालं. एक जूनला निम्मा मराठवाडा जन्मलाय. पण माझी गंमत अशी की मला सातवीतच मिसरूड फुटलं, आणि पुढं मी नेमका शाळेतच क्लार्क झालो. गेली तीस वर्षं दुसऱ्यांच्या जन्मतारखा माझ्या ताब्यात आहेत. दाखल्यावरची तारीख बदलून द्या म्हणून कुणी आलं की मी चष्म्यावरून बघतो आणि म्हणतो, "रेकॉर्ड म्हणजे रेकॉर्ड." येत्या मे महिन्यात मी अठ्ठावन्न पूर्ण करून निवृत्त होतोय. निरोपाच्या भाषणात मुख्याध्यापक 'अजून तरुण दिसतात' असं म्हणतील. दिसतो कसला! त्रेसष्टचा आहे मी.

हे पाच वर्षांचं गाठोडं मी एवढ्या भीतीनं सांभाळलं की सांगायची सोय नाही. कुणी सहज वय विचारलं तरी मी पावसापाण्याचं काढून विषय बदलायचो. वाटायचं, हे संस्थेच्या सचिवांपर्यंत जाणार, चौकशी लागणार, नोकरी जाणार. प्रत्यक्षात सचिवांना माझं नावही नीट आठवत नव्हतं.

खुर्चीत बसून बसून माझी कंबर गेली होती. त्यावर माझा इलाज म्हणजे मेडिकलमधली पुडी. कागदात बांधलेल्या चार गोळ्या, एक पिवळी, दोन पांढऱ्या, एक गुलाबी. कुठल्या गोळ्या, कशाच्या, हे मी कधी विचारलं नाही. सकाळी एक पुडी, काम जास्त असलं तर दुपारी दुसरी. बायको भाजीला गेली की येताना आठवड्याच्या घेऊन यायची. त्यात बीपी निघालं. गावातल्या डॉक्टरांनी रोजची गोळी दिली, ती मी आठवण झाली की घ्यायचो. वर त्यांनी सांगितलं, वर्षातून एकदा क्रिएटिनिन बघत जा, पुड्याबिड्या खात नाही ना? मी म्हणालो, छे.

पहिल्या वर्षी मामांकडं गेलो तेव्हा नाव खरं सांगितलं. वय कागदावरचं सांगितलं. आकडा आला १.०. रिपोर्टवर छापलेल्या हद्दीत. मी भजी खाल्ली.

दुसऱ्या वर्षी गेलो तर बाकावर आमच्या शाळेतल्या शिपायाचे सासरे बसलेले. गावात क्लार्कला काहीतरी झालंय ही बातमी पसरायला एवढं पुरे. मी पुढं जाऊन मेव्हण्याचं नाव सांगितलं आणि मेव्हण्याचंच वय, पंचेचाळीस. मामांनी तोंडाकडं बघितलं नाही, त्यामुळं पचलं. आकडा १.२. हद्दीतच. पुन्हा भजी.

तिसऱ्या वर्षी तर मला या खेळाची चटकच लागली होती. मी एक नवाच माणूस तयार केला. राहणार देवगाव फाटा, तालुका सेलू, सोनपेठला पाव्हण्यांकडं आलेला. धंदा ट्रॅक्टर दुरुस्ती. वय चाळीस. चाळीस म्हणताना मला इतकं बरं वाटलं की मी छाती थोडी पुढं काढून बसलो. मोबाइल नंबर मागितला तेव्हा शेवटचा आकडा बदलून दिला. रिपोर्ट मीच दुपारी येऊन नेला. १.३५. हद्द १.४ पर्यंत होती. खाली आणखी एक आकडा होता, अडुसष्ट, त्याच्याभोवती मामांनी लाल पेनानं गोल केला होता आणि 'भेटा' असं लिहिलं होतं. मामा तेव्हा आत भिंतीवर स्टूल आपटत होते. मी चप्पल घातली आणि सटकलो. गोल देवगाव फाट्याच्या माणसाला होता, मला नव्हता, असा माझा हिशोब होता.

पुढं जे झालं ते मला नंतर कळलं, आणि आजही आठवलं की कान तापतात. मामांनी तो नंबर लावला. तो एका वीटभट्टीवाल्याचा निघाला. त्याला मामांनी पाच मिनिटं किडनी समजावून सांगितली, तेव्हा त्यानं शिव्या देऊन फोन ठेवला. मग मामांनी लॅब बंद केली, दाराला 'देवगाव फाट्याला गेलोय' अशी पाटी लावली, आणि पाथरी, सेलू करत एस्टीनं फाट्यावर उतरले. तिथं काय, चार हॉटेलं, पंक्चरची दुकानं, गाड्या बदलायला थांबलेले लोक. मामा एकेकाला विचारत फिरले. चेहरा तर त्यांना ठाऊकच नव्हता. ते विचारायचे, "उजवा हात, कोपराच्या खाली भाजल्याचा डाग, अन् शीर डावीकडं पळती. बघितलाव का?" हॉटेलवाल्याला वाटलं पोलिसांचा माणूस आहे, चोर शोधायलाय. पंक्चरवाल्यानं आपली बाही गुपचूप खाली ओढली. ट्रॅक्टर दुरुस्तीवाले दोन सापडले. दोघांच्या बाह्या मामांनी वर करून बघितल्या. दोघांच्याही शिरा जागेवर होत्या.

पंधरा दिवसांनी ते पुन्हा गेले.

त्यानंतर एका सोमवारी मी आठवडी बाजारात कांदे निवडत होतो. उकाडा होता म्हणून बाह्या दुमडलेल्या. मागून कुणीतरी माझं कोपर धरलं. घट्ट. वळून बघतो तर पांढरा कोट, खिशातून कोथिंबीर बाहेर आलेली.

"देवगाव फाटा," मामा म्हणाले.

"कोण? मी? मामा, मी इथला, हायस्कुलातला क्लार्क."

ते हाताकडंच बघत होते. अंगठ्यानं त्यांनी शीर दाबली, ती डावीकडं सरकली. "ट्रॅक्टर दुरुस्ती," ते म्हणाले.

"मामा, लोक बघायलेत."

"बघू द्या. दोनदा जाऊन आलो मी फाट्याला. चाळिशीतला मानूस, अन् किडनीचा जोर अडुसष्टवर. म्हनलं, लेकरं ल्हान असतील त्याची. घरी कुनाला मालूमबी नसंल. झोपच लागंना मला."

मी कांदे तिथंच टाकले. खोटं पकडलं गेल्याची लाज मला नवीन नव्हती, शाळेत वर्षाला एकदा तरी असं काही होतं. पण माझ्या बनावट माणसाच्या बनावट लेकरांसाठी हा गृहस्थ झोपला नव्हता. आणि तो बनावट माणूस निवांत घोरत पडला होता. त्यांच्यामागं मी लॅबपर्यंत मान खाली घालून गेलो.

लॅबमध्ये त्यांनी बिस्किटांचे डबे खाली काढले. नाव न बघता, फक्त हातांची वर्णनं वाचत, त्यांनी अर्ध्या तासात तीन कार्डं बाहेर काढली. तीन नावं, तीन वयं, तीन गावं. खाली तिन्हींवर तेच: उजवा, भाजल्याचा डाग, शीर डावीकडं पळते. त्यांनी ती टेबलावर ओळीनं लावली.

"१.०. १.२. १.३५," त्यांनी बोट ठेवून वाचलं. "आता बोला, नॉर्मल हाय का?"

"सगळे हद्दीतच आहेत की," मी म्हणालो. तीस वर्षांची सवय. रेकॉर्ड म्हणजे रेकॉर्ड.

"क्लार्कसाहेब, तुमच्या शाळेत येका पोराला आठवीत नव्वद पडले, नववीत सत्तर अन् दहावीत चाळीस. पास हाय. पेढे वाटता का?"

त्यांनी मग समजावलं. क्रिएटिनिन म्हणजे अंगातला कचरा, किडनी तो झाडून काढते. झाडणारा दमला की कचरा साचायला लागतो. पण कचरा डोळ्याला दिसेपर्यंत झाडणाऱ्याचा बराच जोर गेलेला असतो, आणि तो तक्रार करत नाही, म्हणून नुसता कचरा बघून चालत नाही. बाई का गडी, वय किती, ते घालून जोर काढायचा. शंभराच्या आसपास असला तर उत्तम, साठाच्या खाली गेला तर जागं व्हायचं. आणि एकाच माणसाचा आकडा दरवर्षी घसरत असला तर साठाची वाटसुद्धा बघायची नाही.

"म्हनून वय खरं लागतं," ते म्हणाले. "तुमचं सांगा."

बाकावर दोन माणसं होती, एक कोवळा शिक्षक आणि एक म्हातारा. मी मामांकडून चिठ्ठी मागून घेतली, त्यावर वय लिहिलं, चार घड्या घातल्या आणि हळूच सरकवली. मामांनी घड्या उलगडल्या आणि खणखणीत आवाजात वाचलं, "साठ!"

माझ्या डोळ्यांपुढं चौकशी समिती उभी राहिली. म्हाताऱ्यानं माझ्याकडं नीट बघून घेतलं आणि म्हणाला, "साठ? मला वाटलं पासष्ट."

पाच वर्षांचं गाठोडं मी तीस वर्षं वाहिलं, आणि गावानं मला मनातल्या मनात दहा वर्षं आधीच म्हातारा करून ठेवलं होतं.

मामांनी हिशोब केला. खऱ्या वयानं जोरही साठच निघाला. मग त्यांनी विचारलं, "गोळ्या कुठल्या खाता?" मी बीपीची सांगितली. "अजून?" अजून काही नाही म्हणालो. पण शर्टाच्या खिशातून पुडीचं टोक वर आलं होतं. मामांनी ती दोन बोटांनी काढली, उघडली, आणि चारही गोळ्या टेबलावर मांडल्या. मला वाटलं आता रागावतील. ते फक्त म्हणाले, "किती वर्सं?"

"सहा-सात."

"कोन आनतंय?"

"बायको."

"त्यायला घेऊन या उद्या सकाळी. घरच्या मानसाला कळल्याबगर मी तुमच्या रक्ताला हात लावनार न्हाई."

पुढचं आधी सांगून टाकतो, नाहीतर वाचणारा उगीच घोर लावून घेईल. आम्ही परभणीला किडनीच्या डॉक्टरांकडं गेलो, त्यांनी लघवी तपासली, बीपीची गोळी नीट लावून दिली, आणि वेळेत आलात म्हणाले. घरात पुडी बंद झाली. गेलेला जोर परत येत नाही, तो आला नाही. पण तीन वर्षं झाली, आकडे जिथल्या तिथं आहेत. मामांनी गेल्या वर्षी लॅब बंद केली आणि ते मुलीकडं नांदेडला गेले. तिथं ते कुणाचे हात बघत फिरत असतील, मला ठाऊक नाही. मी त्यांचे आभार मानायला जाईन जाईन म्हणतो आणि जात नाही. तोंड दाखवायला कसं जाणार, हा मला अजून प्रश्न आहे.

तर दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन गेलो. वाटेत तिला सगळं सांगायचं ठरवलं होतं, पण बसस्टँडपर्यंत मी फक्त ऊन वाढलंय एवढंच बोललो. लॅबमध्ये मामांनीच सांगितलं. आकडे, पुडी, देवगाव फाटा, साठ. साठ ऐकल्यावर तिनं माझ्याकडं एकदा बघितलं. मला वाटलं, आता वयावरून निघणार. कागदावर मी पंचावन्नचा होतो आणि लग्नही कागदावरच्या वयावरच लागलं होतं. पण तिचं लक्ष टेबलावरच्या गोळ्यांकडं होतं.

"ह्या किडनीला वाईट असत्यात?" तिनं विचारलं.

"रोज खाल्ल्या तर लय वाईट," मामा म्हणाले.

"माझ्याच हातानं आनून दिल्या की हो मी," ती म्हणाली, आणि डोळ्याला पदर लावला. मग जरा वेळानं, अगदी सहज, जणू भाजीचं सांगावं तशी म्हणाली, "गुडघे लय दुखत्यात म्हनून मी बी खाती. ह्येंच्यातल्याच रोज दोन पुड्या."

मामांनी पट्टा उचलला. "या, बसा."

मला पुड्या लवकर संपतात हे कधीच कसं जाणवलं नव्हतं, याचा मी उभ्याउभ्या विचार करत होतो. तिच्या गुडघ्यांबद्दल तर मला त्या खोलीतच कळलं. मामांनी शीर शोधली, आणि नेहमीचा प्रश्न विचारला, "वय?"

ती सवयीनं माझ्याकडं बघायला लागली. कागदपत्रं मी बघतो घरातली. तिच्या आधारचा फॉर्मही मीच भरला होता. "एकोणपन्नास," मी ऑफिसातल्यासारखं सांगितलं.

"न्हाई," ती म्हणाली. "शेचाळीस. लग्नाच्या वक्ताला माझ्या बापानं तीन वर्सं वाढवून लावली. सोळाची होते मी."

कागदावर आमच्यात सहा वर्षांचं अंतर होतं. खरं चौदाचं निघालं. तीस वर्षं मी माझी पाच वर्षं लपवण्यात एवढा गर्क होतो की तिची तीन कुठं गेली, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. मामांनी शेचाळीस लिहिलं, मान वर न करता.

माझंही रक्त त्या दिवशी घेतलं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं रिपोर्टला गेलो. माझा पुन्हा १.३५. तिचा १.२. तिचा आकडा लहान बघून मला हायसं वाटलं, आणि मी मोठेपणानं म्हणालो, "चला, तुझं तरी माझ्यापेक्षा बरं आहे."

मामा म्हणाले, "थांबा, क्लार्कसाहेब." त्यांनी कागदावर हिशोब मांडला. "कचरा निघतो तो अंगातल्या मांसातनं. ह्येंच्या अंगावर मांस हाय कुठं? ह्या काडीवानी बाईच्या अंगात येवढा साचतो, म्हंजे झाडनारा तुमच्यापेक्षा जास्त दमलाय. अन् वय तर तुमच्यापेक्षा चौदानं कमी. ह्येंचा जोर छप्पन."

रिपोर्ट त्यांनी माझ्या हातात दिला नाही, तिच्या हातात दिला. ती सातवीपर्यंत शिकलेली आहे. तिनं बोट ठेवून आकडा वाचला, आणि घडी घालून कागद कमरेच्या पिशवीत ठेवला.

"मामा, ह्येंचा जोर किती आला?"

"साठ."

"जास्त असला म्हंजे बरं असतंय ना?"

"हो."

"मंग बरं हाय," ती म्हणाली, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा तिचा चेहरा मोकळा झाला.

मी बाकावर बसलो. माझ्या नाकातून, डोळ्यांतून एकदमच पाणी यायला लागलं, आणि ते थांबेना. बाकावर परगावचे तीन पेशंट होते, ते सरकून बसले. मामा हातातलं पेन तसंच धरून उभे होते.

तिनं गोंधळून माझ्याकडं बघितलं आणि मग मामांना विचारलं, "आता काय झालं ह्येंना? साठ हाय की."